शिबिर नेमके कोणाच्या भरवशावर?

मार्च महिना उतरणीला लागला की ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीत उन्हाळी शिबिरांच्या जाहिरातींना बहर येतो. रेल्वे स्थानकाबाहेरचे फलक, सोसायट्यांचे सूचनाफलक, वृत्तपत्रांत घालून येणारी पत्रके आणि पालकांचे मोबाइल या जाहिरातींनी भरून जातात. व्यक्तिमत्त्व विकास, साहस, संस्कार, घोडेस्वारी, धनुर्विद्या, तंबूतला मुक्काम आणि शेकोटी असे सारे काही पाच-सात दिवसांत मिळेल, असे त्यात सांगितलेले असते. तारखा असतात, शुल्क असते, बस कुठून सुटणार तेही असते. रात्री मुलांच्या खोलीची जबाबदारी कोणावर, तो माणूस कोण, त्याची पार्श्वभूमी कोणी तपासली, मूल आजारी पडले तर त्याला कोणत्या रुग्णालयात नेणार, याविषयी बहुतेक पत्रकांत एक ओळही नसते. पालकही सहसा ते विचारत नाहीत. उपक्रमांची यादी आणि गेल्या वर्षीची छायाचित्रे पाहून निवड होते. मूल कोणाच्या स्वाधीन करायचे, हा खरा प्रश्न मागे राहतो.

हा प्रश्न मागे का राहतो, याचे कारण पालकांच्या बेफिकिरीत शोधणे अन्यायाचे ठरेल. ते शहरी कुटुंबाच्या घडीत आहे. राज्यातील शाळांच्या वार्षिक परीक्षा आता एप्रिलच्या अखेरीपर्यंत लांबल्या आहेत. २०२५ साली पहिली ते नववीच्या परीक्षांचे वेळापत्रक २५ एप्रिलपर्यंत होते, आणि शाळा पुन्हा उघडतात त्या जूनच्या मध्यावर. मधल्या सहा-सात आठवड्यांत मूल कुठे ठेवायचे? एके काळी याचे उत्तर आजोळ हे होते. आता अनेकांचे आजोळच डोंबिवलीच्या किंवा घोडबंदरच्या दोन खोल्यांत आले आहे. आई आणि वडील दोघेही सकाळची लोकल पकडतात आणि सायंकाळी उशिरा परततात. अशा घरांसाठी शिबिर ही चैन उरलेली नाही, ती मुलाला सांभाळण्याची सोय झाली आहे. गरज निकडीची असली की प्रश्न कमी विचारले जातात. शिबिरांच्या बाजारपेठेला हे पुरते उमगले आहे.

ओळखीचे शिबिर, अनोळखी शिबिर

महाराष्ट्राला शिबिर ही कल्पना नवी नाही. १९४१ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्र सेवा दलाने शिबिरांतून कार्यकर्त्यांच्या पिढ्या घडविल्या. माणगावजवळ वडघर येथील साने गुरुजी राष्ट्रीय स्मारकाने मुलांच्या शिबिरांची ती परंपरा पुढे नेली. मुंबईत १९५४ पासून कार्यरत असलेल्या गिरिविहारसारख्या गिर्यारोहण संस्थांनी प्रस्तरारोहणाचे रीतसर प्रशिक्षण देणारी शिबिरे घेतली. स्काउट-गाइडची पथके शाळाशाळांत होती. या शिबिरांत सोयी फारशा नसत. सतरंजीवर झोपायचे, आपले ताट आपणच घासायचे, हा तिथला शिरस्ता. मात्र तिथले ताई आणि दादा बहुधा पालकांच्या परिचयातले असत. कोणी शाळेत शिकवत, कोणी त्याच गल्लीत राहत. शिबिर संपल्यावरही ते वर्षभर भेटत. चूक झाली तर जाब कोणाला विचारायचा हे ठाऊक असे.

आज ही साखळी तुटली आहे. जाहिरात एकाची, नोंदणी दुसऱ्याची, जागा तिसऱ्याची आणि प्रशिक्षक रोजंदारीवर आणलेले, अशी अनेक शिबिरांची रचना असते. कर्जत, मुरबाड, शहापूर आणि कसारा मार्गालगतची शेतघरे वर्षभर सहलींना आणि समारंभांना भाड्याने दिली जातात. त्यांतील काही मे महिन्यात मुलांची शिबिरस्थळे होतात. जागा तीच, कर्मचारीही बरेचसे तेच. बदलतो तो फक्त दारावरचा फलक.

जुन्या शिबिरांत सारे आलबेल होते असा याचा अर्थ नाही. ओळखीच्या माणसाकडूनही मुलांवर अत्याचार होतात, किंबहुना बहुतेक प्रकरणांत तो ओळखीचाच असतो, असा अनुभव आहे. म्हणूनच जुन्या विश्वासाची जागा नव्या, तपासता येईल अशा व्यवस्थेने घ्यायला हवी होती. ती अद्याप घेतलेली नाही.

खडवलीने दिलेला इशारा

कल्याणहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोकलने टिटवाळा सोडले की पुढचे स्थानक खडवली. गावाला लागून भातसा नदी वाहते. भातसा धरणातून सोडलेले पाणी नदीच्या पात्रातूनच पिसे येथील बंधाऱ्यापर्यंत जाते आणि तेथून ते मुंबईसाठी उचलले जाते. त्यामुळे आजूबाजूचे ओढे-नाले आटून गेले असता ऐन वैशाखातही खडवलीच्या पात्रात पाणी असते. कल्याण, उल्हासनगर आणि मुंबईहून सहलींसाठी येथे रीघ लागते ती त्यामुळेच. बुडून मृत्यू झाल्याच्या बातम्याही येथून वारंवार येतात. पात्रातील खोल डोह वरून दिसत नाहीत, आणि पाण्याची पातळी स्थानिक पावसाइतकीच वरच्या धरणावरही अवलंबून असते. नदीकाठी शिबिर भरवणाऱ्याला ही माहिती हवीच, आणि तिथे मूल पाठवणाऱ्यालाही.

परंतु खडवलीचे नाव एप्रिल २०२५ मध्ये राज्यभर गाजले ते वेगळ्या कारणाने. तेथे नोंदणीविना चालवल्या जाणाऱ्या एका बालगृहातून २९ मुलामुलींची सुटका करण्यात आली. मुलांच्या मदतीसाठी असलेल्या १०९८ या क्रमांकावर तक्रार आल्यानंतर महिला व बालविकास यंत्रणेने ही कारवाई केली. मारहाण आणि लैंगिक अत्याचाराचे गंभीर आरोप पुढे आले आणि गुन्हा दाखल झाला. त्या आरोपांचा निवाडा न्यायालयात होईल. मात्र मुलांना ठेवून घेणारी एक संस्था मुंबईपासून लोकलच्या अंतरावर परवान्याविना चालू शकते, आणि कोणी तरी दूरध्वनी केल्यावरच यंत्रणेला जाग येते, ही वस्तुस्थिती निकालाची वाट पाहत थांबत नाही.

ते बालगृह होते, उन्हाळी शिबिर नव्हते. तेथील मुले परिस्थितीने गांजलेल्या घरांतली होती आणि शिबिराला जाणारी मुले शुल्क भरू शकणाऱ्या घरांतली असतात, हा भेद खरा आहे. पण दोन्हीकडच्या पालकांनी केले ते एकच. आपल्या नजरेआड, दुसऱ्याच्या छपराखाली मूल सोपवले आणि त्या छपराची तपासणी कोणी तरी केलीच असेल, असे गृहीत धरले. बालगृहाच्या बाबतीत निदान कायद्याने नोंदणी सक्तीची होती आणि ती नाही म्हणून कारवाई करता आली. शिबिराच्या बाबतीत तेवढाही आधार नाही.

कायद्याच्या जाळ्यातील भगदाड

मुलांच्या सुरक्षिततेचे कायदे आपल्याकडे कमी नाहीत. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ४१ नुसार काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांना ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेची नोंदणी आवश्यक आहे. नोंदणी नसल्यास कलम ४२ खाली एक वर्षापर्यंत कारावास किंवा किमान एक लाख रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. पण पालकांनी पाच दिवसांसाठी स्वखुशीने पाठवलेले मूल या व्याख्येत बसत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतील दोन चिमुरड्या मुलींवरील अत्याचाराने राज्य हादरले. त्यानंतर शालेय शिक्षण विभागाने शाळांसाठी सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची पार्श्वभूमी तपासणी, तक्रारपेटी आणि सखी सावित्री समितीचे आदेश काढले. हे आदेश शाळांसाठी आहेत. मे महिन्यात शेतघरावर भरणारे खासगी शिबिर ही शाळा नव्हे.

साहसी खेळांसाठी राज्याने ऑगस्ट २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण जाहीर केले. जमीन, पाणी आणि हवेतील साहसी उपक्रम घेणाऱ्यांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करणे त्याने बंधनकारक केले. हे पाऊल मोलाचे आहे, आणि गिर्यारोहण, रॅपलिंग, झिपलाइन किंवा नौकानयन असलेल्या शिबिराकडे पालकांनी या नोंदणीची मागणी अवश्य करावी. परंतु हे धोरण उपक्रमापुरते बोलते. दोर कसा असावा, हे त्यातून कळेल. रात्री दोन वाजता रडणाऱ्या नऊ वर्षांच्या मुलीजवळ कोण असावे, हे कळणार नाही.

राहता राहिला पॉक्सो कायदा. या कायद्याखालील २०२० च्या नियमांनी या बाबतीत स्पष्ट तरतूद केली आहे. मुलांना ठेवणाऱ्या किंवा मुलांशी नियमित संपर्क येणाऱ्या संस्थांनी, त्यात शाळा, पाळणाघरे आणि क्रीडा प्रबोधिनीही आल्या, आपल्या प्रत्येक कर्मचाऱ्याची ठरावीक काळाने पोलीस पडताळणी करून घेतली पाहिजे, असे हे नियम सांगतात. अत्याचाराची माहिती मिळूनही ती न कळवणे हा याच कायद्याखाली गुन्हा आहे आणि संस्थाचालकाला त्यासाठी एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते. तेव्हा पोलीस पडताळणीचा दाखला मागणे हा पालकांचा आगाऊपणा ठरत नाही, कायद्याला अभिप्रेत असलेलीच ती गोष्ट आहे. अडचण एवढीच, की वर्षातून सहा आठवडे चालणाऱ्या शिबिराने ही पडताळणी केली की नाही, हे पाहण्यासाठी कोणतेही कार्यालय त्याच्या दारी जात नाही. शिबिर भरते कधी आणि उठते कधी, याची नोंदच कोठे नसते.

नाव मोठे म्हणून निर्धास्त?

अशा वेळी पालक आधार घेतात तो नावाचा. मोठी संस्था, जुनी संस्था, शाळेचे आवार, गणवेशातील प्रशिक्षक हे सारे विश्वास देणारे असते. परंतु अनुभव काय सांगतो? ऑगस्ट २०२४ मध्ये तमिळनाडूतील कृष्णगिरी जिल्ह्यात एका शाळेच्या आवारात एनसीसीच्या नावाने शिबिर भरले. तेथे एका तेरा वर्षांच्या मुलीवर अत्याचार झाल्याचे उघड झाले आणि तपासात असे निघाले की त्या शिबिराचा एनसीसीशी काहीच संबंध नव्हता. शाळेने आयोजकांची साधी खातरजमाही केली नव्हती. अमेरिकेत बॉय स्काउट्ससारख्या शतक ओलांडलेल्या संघटनेला अत्याचाराच्या दाव्यांमुळे फेब्रुवारी २०२० मध्ये दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. पुढे दावेदारांची संख्या ८२ हजारांवर गेली.

माणसांच्या बाबतीत जे खरे, तेच जागेच्या बाबतीतही. टेक्सासमधील कॅम्प मिस्टिक हे मुलींचे शिबिर १९२६ पासून चालत आलेले, पिढ्यान्‌पिढ्या माता आणि मग त्यांच्या मुली तिथे जात. ४ जुलै २०२५ च्या पहाटे ग्वाडालूप नदीला आलेल्या अचानक पुरात तेथील २७ मुली आणि त्यांच्या मार्गदर्शक तरुणी मृत्युमुखी पडल्या. दोनच दिवस आधी सरकारी निरीक्षकाने या शिबिराच्या आपत्कालीन योजनेची पाहणी केली होती. म्हणजे कागद होता, परंपरा होती, नावलौकिकही होता. मुलींच्या खोल्या मात्र पूररेषेत होत्या. सप्टेंबर २०२५ मध्ये टेक्सासने पूरप्रवण जागी मुलांच्या निवासाला मनाई करणारा कायदा केला. नदीकाठच्या शिबिराकडे हौसेने पाहणाऱ्या आपल्याकडच्या पालकांनी आणि प्रशासनानेही यातून बोध घेण्यासारखा आहे.

पाण्याच्या बाबतीत आपला इतिहासही काही कमी बोलका नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रकिनारी सहलीला आलेल्या पुण्याच्या महाविद्यालयातील १४ विद्यार्थी बुडाले. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची नाव उलटून १२ मुले आणि दोन शिक्षिका दगावल्या. नावेत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती आणि अनेक मुलांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हते. यातील कोणत्याही दुर्घटनेला गूढ असे कारण नाही. साध्या प्रश्नांची उत्तरे आधी कोणी मागितली नाहीत, एवढेच.

पालकांनी विचारायचे ते काय?

पहिला प्रश्न माणसांचा. शिबिराचा प्रमुख पूर्ण वेळ तेथे राहणार आहे का? किती मुलांमागे एक मोठा माणूस असेल? अमेरिकन कॅम्प असोसिएशनचे निवासी शिबिरांसाठीचे प्रमाण सहा ते आठ वर्षांच्या सहा मुलांमागे एक आणि नऊ ते चौदा वर्षांच्या आठ मुलांमागे एक असे आहे. आपल्याकडे चाळीस मुलांमागे दोन महाविद्यालयीन ‘दादा’ असतील, तर शुल्क कितीही असो, ते शिबिर अपुरे आहे. मुलींच्या मुक्कामाच्या जागी जबाबदार स्त्री असणे आणि कोणत्याही मोठ्या माणसाने एकट्या मुलाला बंद खोलीत न नेणे, हे दोन नियम संयोजकाने न अडखळता सांगितले पाहिजेत. स्वयंपाकी, चालक, रखवालदार यांचीही पडताळणी झाली आहे का, हेही विचारावे. जाहिरातीत प्रशिक्षकांची नावे असतात, पण शेतघराच्या किल्ल्या या मंडळींकडे असतात.

दुसरा प्रश्न जागेचा आणि हवामानाचा. शिबिरस्थळ आधी स्वतः पाहून यावे. खडवली, वासिंद किंवा आसनगाव ही काही दूरची ठिकाणे नव्हेत, एका रविवारी लोकलने जाऊन परत येता येते. पाहू देण्यास जो संयोजक टाळाटाळ करतो, त्याच्याकडे मूल पाठवू नये. नदी, विहीर, शेततळे किती अंतरावर आहे? पाण्यात उतरवणार असतील, तर जीवरक्षक कोण आणि लाइफ जॅकेट किती? एप्रिल २०२३ मध्ये खारघर येथे भर उन्हात झालेल्या सोहळ्यात उष्माघाताने १४ जणांचे बळी गेले. कोकणपट्टीतील दमट उकाडा किती घातक ठरू शकतो, हे तेव्हा मोठ्या माणसांच्या बाबतीत दिसले. लहान मुलांचे शरीर तर अधिक लवकर तापते. दुपारी बारा ते चार या वेळात मैदानी उपक्रम असतील, तर तेवढे एकच कारण नकारासाठी पुरेसे आहे.

तिसरा प्रश्न आजारपणाचा. प्रथमोपचाराचे प्रशिक्षण घेतलेला माणूस तेथे आहे का? रात्रीसाठी वाहन उभे असेल का? ग्रामीण ठाण्यात सर्पदंशाचा धोका कल्पनेतला नाही आणि त्यावर प्रतिविषाखेरीज उपाय नाही. ते जवळ कोठे मिळते, शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात जायचे की कल्याण गाठायचे, हे संयोजकाला तोंडपाठ हवे. मुलाचा दमा, ॲलर्जी किंवा रोजचे औषध याची लेखी नोंद त्याने स्वतःहून मागितली पाहिजे. जो मागत नाही त्याने याचा विचारच केलेला नाही, असे समजावे.

चौथा मुद्दा कागदाचा. अनेक शिबिरांच्या अर्जावर ‘पाल्यास पालक स्वतःच्या जबाबदारीवर पाठवत आहेत’ असे वाक्य छापलेले असते. या सहीने संयोजकाचे हात झटकले जातात, अशी समजूत दोन्ही बाजूंना असते. ती चुकीची आहे. हलगर्जीपणामुळे मृत्यू ओढवल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आहे, आणि कोणत्याही हमीपत्राने फौजदारी जबाबदारी पुसली जात नाही. पालकांनी रीतसर पावती, संयोजकाचे पूर्ण नाव व पत्ता आणि जागामालकाचे नाव मागून घ्यावे. दुर्घटनेनंतर ‘जबाबदार कोण’ हे शोधण्यात जाणारी वर्षे या तीन ओळींनी वाचतात.

आणि शेवटचा प्रश्न ज्याच्यासाठी हे सारे, त्या मुलाचा. त्याला जायचे आहे का? घराबाहेर कधीही न राहिलेल्या सात वर्षांच्या मुलाला आठ दिवसांच्या निवासी शिबिरात धाडल्याने तो धीट होईलच असे नाही. आधी दिवसाचे शिबिर, मग दोन रात्रींचा मुक्काम, अशी पायरी हवी. घरी केव्हाही दूरध्वनी करण्याची मुभा मुलाला असावी. शिस्तीच्या नावाखाली ती नाकारणारे शिबिर टाळलेलेच बरे. नकोसा स्पर्श म्हणजे काय, तसे घडल्यास कोणाला सांगायचे आणि १०९८ हा क्रमांक कशासाठी आहे, हे बोलणे निघण्यापूर्वी घरातच झाले पाहिजे. परतल्यावर ‘मजा आली का’ एवढेच न विचारता मुलाचे शांतपणे ऐकून घ्यावे.

प्रशासनाचे काम पालकांवर का?

एवढी यादी वाचून एखाद्या पालकाला धाप लागेल, आणि ती लागणे रास्त आहे. सकाळी साडेसातची जलद गाडी पकडणाऱ्या आईने पोलीस, आरोग्य आणि पर्यटन या तिन्ही खात्यांचे काम करावे, ही अपेक्षाच मुळात चुकीची आहे. शिवाय ज्याला वेळ, वाहन आणि ओळखी आहेत तोच पालक ही तपासणी करू शकेल. ज्याला नाहीत त्याचे मूल नशिबावर राहील. मुलांची सुरक्षितता पालकांच्या चौकसपणावर सोपवणे म्हणजे ती त्यांच्या आर्थिक स्थितीवर सोपवणे होय.

यासाठी नवा जाडजूड कायदा लागेल असेही नाही. अठरा वर्षांखालील मुलांना एका रात्रीसाठी जरी मुक्कामी ठेवायचे असेल, तरी संयोजकाने स्थानिक पोलीस ठाण्याला आणि तहसील कार्यालयाला पंधरा दिवस आधी लेखी कळवावे, एवढा एक नियम पुरे. त्यात शिबिराची जागा, तारखा, मुलांची संख्या, कर्मचाऱ्यांची यादी व पडताळणीचे दाखले आणि जवळचे रुग्णालय नमूद असावे. ही यादी जिल्हा बाल संरक्षण कक्षाने संकेतस्थळावर जाहीर करावी. यादीत नाव नसलेले शिबिर पालकांना घरबसल्या ओळखता येईल. प्रामाणिक संयोजकांना याचा जाच होणार नाही. वर्षानुवर्षे नेटकेपणाने शिबिरे घेणाऱ्या संस्था हे तपशील आजही ठेवतात. उलट, कमी शुल्कात पण चोख काम करणाऱ्या लहान संस्थांना चकचकीत जाहिरातींपुढे टिकण्यासाठी त्याची मदतच होईल. परवाना-राज येईल अशी भीती कोणी घालील. पण कार्यालयाला परवानगी नाकारण्याचा अधिकार न देता माहिती देणे तेवढे सक्तीचे केले, तर चिरीमिरीला वाव कमी राहतो.

मुलांनी घराबाहेर पडावे, चांदण्यात झोपावे, अनोळखी मुलांशी भांडून मैत्री करावी, हे सारे हवेच. सहा आठवडे बंद घरात मोबाइलच्या पडद्यासमोर काढणे हा त्याला पर्याय नव्हे. शिबिरे वाढली पाहिजेत आणि ती कमी उत्पन्नाच्या घरांतील मुलांपर्यंतही पोहोचली पाहिजेत. मात्र खडवलीत २९ मुलांची सुटका व्हायला कोणाच्या तरी एका दूरध्वनीची वाट पाहावी लागली. पुढच्या मे महिन्यात भातसेच्या काठी किती मुले, किती रात्री, कोणाच्या भरवशावर झोपणार आहेत, याचा हिशेब जिल्ह्याच्या दप्तरात आधीच असला पाहिजे. तोवर प्रत्येक पालकाने जाहिरातीतील उपक्रम मोजण्याआधी तिथे जबाबदार माणसे किती, हे मोजावे.